पुस्तकातली कारणं

कवठे येमाई, १८ डिसेंबर २०२४

चि. सारिकेस पोपटमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर हे बोलवत न्हाई, तुझी विठामामी ऐकत असती, म्हणून पत्र. आपला महेंद्र पोलिसांनी धरला. विहिरींवरच्या मोटारींच्या केबला कापून तांबं विकत हुता, आन् त्या बी आपल्याच शिवारातल्या. शेजारच्या रोहिदासची बी सोडली न्हाई, ज्याच्या घरी जेवून ह्यो वाढला.

जामिनाला मी सातबारा घेऊन उभं राहावं म्हंतो वकील. तारीख १० जानेवारीची. मामी धड जेवत न्हाई. पण पोटच्या पोरानं असं का केलं ते कळल्याबिगर माझा हात सहीला उठायचा न्हाई. तू कॉलेजात गुन्हेगारांचा अभ्यास घेतलास तवा मी हसलो हुतो, दुसरं काय मिळालं न्हाई का म्हणून. आता तूच सांग, माणूस चोर का हुतो?

माया राहू दे.
तुझा मामा

वरवंड, २३ डिसेंबर

ती. मामांस, सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. मामींना म्हणावं, दोन घास तरी खा.

पुस्तकात एकच उत्तर नाही, मामा. पूर्वी काही विद्वान कैद्यांची कपाळं मोजायचे, म्हणायचे चोर जन्मतःच चोर. ते आता कोणी मानत नाही. कोणी म्हणतं, हवं ते सरळ वाटेनं मिळेना की माणूस आडवाट धरतो. कोणी म्हणतं, चोरी संगतीत शिकतात, तुम्ही कलम बांधायला शिकलात तशी. आणि कोणी म्हणतं, पोराला एकदा चारचौघांत चोर ठरवलं की जो तो त्याच नजरेनं बघतो, आणि शेवटी ते पोर तसंच होतं.

यातलं दादाला काय लागू पडतं ते तुम्हीच बघा. माझं मत विचारू नका.

लोभ आहे तसाच ठेवावा.
सारिका

कवठे येमाई, २९ डिसेंबर

चि. सारिकेस आशीर्वाद.

तुझी कारणं गहू निवडावं तशी निवडली. कपाळ तर माझंच हाय त्याचं. खायला-ल्यायला कमी न्हवतं. संगतीची पोरं कंपनीत लागली, ह्योच कुठं टिकला न्हाई.

चौथ्यापाशी अडलो. अकरा वर्षांचा आसंल. मोटारीच्या पाइपाला लावायचा नवाकोरा पितळी फुटवाल गेला आन् भंगारवाल्याकडं घावला. मी ह्याला देवळापुढं समद्यांदेखत नाक घासायला लावलं. तवापासून गाव त्याला म्हाद्या चोर म्हंतंय. शाळेत कुणाचं पेन हरवलं तरी ह्याचंच दप्तर उघडायचे. तेवढी माझी चूक हाय, मान्य. पण फुटवाल त्यानं नेला हुताच की. सोताच्या तोंडानं कबूल झाला. बीच किडकं, त्याला मी काय करू? सही करत न्हाई.

तुझा मामा

वरवंड, ३ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न.

फुटवाल मी नेला होता.

नऊ वर्षांची होते, सुट्टीला आलेली. भंगारवाला त्याच्यावर कुल्फी देतो म्हणाला. तुम्ही काठी घेऊन आलात, तेव्हा दादानं मला आत ढकललं. भाचीवर हात उचलला तर मामाला पाप लागतं, म्हणाला, आणि स्वतः पुढं झाला. देवळापुढं मी मामींचा पदर धरून उभी होते. बोलले नाही. पुढं चौथं कारण पुस्तकात पहिल्यांदा वाचलं, तेव्हा दोन दिवस कॉलेजला गेले नाही. तरीही बोलले नाही.

लोभ असावा असं लिहायला तोंड राहिलं नाही. सही करा, एवढंच मागते.

सारिका

कवठे येमाई, ११ जानेवारी

चि. सारिकेस आशीर्वाद.

काल सही केली. महेंद्र घरी आलाय. केस चालंलच. येताना एसटीत त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाला, केबला मी कापल्यात, त्या सारीच्या माथी मारू नका. आन् निम्मी कुल्फी मी बी खाल्ली हुती, म्हणाला.

माझ्या हातानं झालेलं हाय, मला रडू आवरंना. देवळापुढं जाऊन गावाला खरं सांगतो म्हणालो, तर माझा हात धरला. सारीचं लग्न जमायचंय, तिचं नाव काढू नका म्हणाला. ह्याला तुझ्या पुस्तकात काय म्हंत्यात?

मामीनं भाकरी खाल्ली. जीव लावते तशीच लाव.
तुझा मामा

वरवंड, १७ जानेवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

त्याला काय म्हणतात ते पुस्तकात नाही. सोबत तिळगूळ पाठवलाय, पहिला दादाला द्या.

२६ तारखेला देवळापुढं ग्रामसभा असते ना? मी येते आहे. दादाला आधी सांगू नका, तो मला पुन्हा आत ढकलील.

तुमची सारिका