माळावरचा वारा

१२ जानेवारी, रविवार
प्रभाचा दम्याचा पंप आठवडाभर कपाटात पडून आहे आणि तिला त्याची आठवणही नाही! रात्रभर खिडकी सताड उघडी, माळावरचा वारा थेट अंगावर, आणि बाईसाहेब गाढ झोपेत. साखर पेठेतल्या घरी दोन्ही बाजूंना माग, हवेत सुताची धूळ. तिथं हिनं उशा रचून, बसून रात्री काढल्या. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. मी मास्तरकीचा सगळा फंड घालून हवाच विकत घेतली म्हणायची!
दिग्विजय आला होता. आमच्या कॉलनीचा सेक्रेटरी, अंगात उत्साह फार. अर्ज पुढं केला: कुंपणापलीकडचा वनखात्याचा माळ सपाट करा, झुडपं काढा, भिंत घाला, कॉलनीला पार्किंग द्या. "काका, डेड लँड आहे हो ती." माझ्या बायकोचा श्वास आहे तो, म्हटलं. सही दिली नाही. जाताना म्हणाला, "एक इन्सिडेंट झाला की बघा. खातं आपोआप हलतं."

२१ जानेवारी
कुंपणाशी कचऱ्याचा ढीग वाढतोय. नव्या प्लॉटवाल्यांचं शिळंपाकं, कोंबडीची पिसं, पिशव्या. कुत्री किती झाली! रात्रभर माळात शिरून भुंकतात. कुंपण माणसांसाठी, त्यांना कोण अडवणार?

२ फेब्रुवारी, रविवार
हे कुणाला सांगता येणार नाही. तरी लिहितो.
सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर फाटकाशी उभा होतो. ढिगाऱ्याआडून कोल्हा आला. दिवसाढवळ्या! मागचे पाय लटपटत होते. मी ओरडलो, दगड मारला. बघितलंसुद्धा नाही. सरळ चन्नम्माच्या गाईवर, चंद्रीवर गेला. बिचारी दाव्याला बांधलेली. नाकपुडीला चावला आणि तसाच झोकांड्या खात नाल्याकडं निघून गेला.
दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. चन्नम्मा बादली घेऊन आली. "अय्यो! गुरुजी, काय झालं हिला?" हीच आम्हाला दूध घालते, ह्याच प्लॉटांच्या जागी तिची ज्वारी असायची.
आणि मी म्हणालो, "कुंपणाची तार लागली असेल."
का म्हणालो? दिग्विजयच्या हातातला तो अर्ज डोळ्यांपुढं आला म्हणून.
असा कोल्हा कशानं येतो, हे मैंदर्गीसारख्या गावात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. पिसाळलेलं माणूस तिथं लहानपणी पाहिलंय: आधी पाणी नको, मग वारा नको. पुढचं लिहीत नाही.

५ फेब्रुवारी
नाल्यात कोल्हा मरून पडलाय. कुत्री लचके तोडतायत. कुणी विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

१ मार्च, शनिवार
पुतण्याच्या साखरपुड्याहून संध्याकाळी परतलो. प्रभा उंबऱ्यातच, चेहरा फुललेला. "अहो, आज मी डॉक्टर झाले!"
चंद्री कालपासून चारा खाईना. लाळेच्या तारा, हंबरणं घोगरं, पाणी समोर आणि घोट उतरेना. सगळ्या गल्लीचं एकमत: प्लास्टिकची पिशवी अडकली. खरंच, हितल्या गाई दुसरं खातात काय? चन्नम्मा रडायला लागली. "माजा हात जाड की वैनी, आत जात न्हाय." मग तिनं शिंगं धरली, आणि प्रभानं बांगड्या काढून आपला बारीक हात गाईच्या घशात घातला. कोपरापर्यंत!
"लागलं न्हाय हो काय हाताला. दात घासला जरा. हळद लावलीय बघा." प्रभानं हात पुढं केला.
मनगटावर लांब ओरखडा. मी तिला ओढतच नळाखाली नेलं. साबण, परत साबण. ती हसत होती. "सोवळं पाळायला कधीपासनं लागलात?"

३ मार्च
चंद्री गेली. जनावरांचे डॉक्टर आले ते सगळं आटोपल्यावर. "मागं कधी काही चावलं होतं का हिला? कुत्रं, कोल्हं?"
चन्नम्मानं माझ्याकडं बघितलं. दिग्विजय मोबाइल सरसावून शेजारीच उभा.
"नाही," मी म्हणालो. "तार लागली होती."
"मग प्लास्टिकच," डॉक्टर म्हणाले. खड्डा खणून मीठ टाकून पुरली.

४ मार्च
प्रभाला इंजेक्शनं द्यायलाच हवीत. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण विचारतील ना, कुठलं जनावर, कुठं, कधी? गाय म्हटलं की गाईला कोण चावलं? मग माळ संपला. दम्याचं औषध म्हणून न्यावं का? रिक्षा बोलावली. ती म्हणाली, "कशाला त्या धुरात? हितं किती छान श्वास घेता येतोय."
रिक्षा परत पाठवली. परवा नक्की.

२८ मार्च
दिग्विजयचा अर्ज परत आला! घटना घडल्याची नोंद नाही, म्हणे. माळ वाचला. प्रभानं शिरा केला. तिला काही झालेलं नाही. खातेपिते, गुणगुणते. मीच भित्री भागूबाई! चन्नम्माची मात्र दावण अजून रिकामी. तिच्या दारावरून जाताना मी मान खाली घालतो.

२० एप्रिल, रविवार
प्रभा सकाळपासून मनगट खाजवतेय. "मुंग्या आल्यागत होतंय." घामोळं असेल. ऊन काय थोडं आहे!
पण घामोळं नेमकं त्या ओरखड्यावरच?

२१ एप्रिल
कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. अंगात कसर, अन्न नको, उगाच दचकते. डॉक्टर तरुण आहे. त्यानंही विचारलं, "आजी, काही चावलं होतं का?"
मी बोलायच्या आत तीच हसली. "मला ओ कोण चावतंय?"
 खरं बोललो असतो तर आता इलाज नाही हे तिला तिथंच, त्या स्टुलावर, कळलं असतं. देवा, मी तिच्या चपलांकडं बघत बसलो. ताकदीच्या गोळ्या दिल्या. पाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या.

२२ एप्रिल, मंगळवार
गोळी तशीच पडली आहे. पाण्याचा पेला ओठाशी नेला की दचकून लोटून देते.
वाटलं, दमा उठला असेल. तसंच असू दे, दमाच असू दे! नेहमीसारखी खिडकी उघडली. माळावरून गार झुळूक आली. प्रभानं दोन्ही हातांनी गळा धरला, डोळे पांढरे झाले.
"लावा ती खिडकी! लावा हो! वारा नको!"