शेवटच्या रांगेतला पदर

पनवेल, ४ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. अरुंधतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून व्हिडिओचा घाट घातला आणि पहिल्याच दिवशी हरलो. महिनाअखेरीस डॉक्टर माझे स्वरयंत्र काढणार. तुला आठव्या महिन्यात विमानात बसता येणार नाही. तेव्हा येणाऱ्या बाळाला आजोबाचा आवाज कॅसेटमधूनच मिळायचा, हे तुझे म्हणणे मला पटले होते.

लग्नाचे शूटिंग करणारा दादू आला. त्याने दिवे लावताच फ्यूज उडाला. मग त्याने प्लास्टिकच्या फुलांची कुंडी मांडली आणि मला फेटा बांधायला सांगितले. मी नवरदेव नाही, असे बजावले. कपाट सरकवले, पंखा बंद केला, उभा राहिलो आणि तोंडातून निघाले, अध्यक्ष महाराज!

दादू म्हणाला, अण्णा, जरा हळू. हळू कसे बोलतात? चिरनेरच्या सभेत भोंगा बंद पडला तेव्हा छातीच्या बळावर सभा पुरी केली होती मी! गप्प बसणाऱ्यांच्या देशात स्वातंत्र्य टिकत नाही, हे बाळालाही ठणकावले. दादूने कॅसेट लावून ऐकवली तर माझ्या ओरडण्याची नुसती खरखर. दारात पाटी उतरवून मासळीवाली मालू विचारत होती की घरात तर कोन नाय, मग आण्णा भांडता कोनाशी?

तिला काय सांगू? सभेत तुझी आई नेहमी शेवटच्या रांगेत बसे. पदराचे टोक मुठीत धरी. माझा आवाज पोचला की सोडून देई. लोकांना वाटे, मी हजारांशी बोलतो. मी त्या मुठीशी बोलत असे. कुमुद गेल्यापासून मालूशी बोंबलांचा भाव करण्यापलीकडे तोंड उघडायचे कारण पडत नाही. जवळ बसलेल्या माणसाशी कोणत्या आवाजात बोलतात, मला ठाऊक नाही. दादूला नको म्हणून सांगणार आहे.

जावईबापूंस आशीर्वाद. कॅसेटवाचूनही लोभ राहू दे.

अण्णा

मस्कत, १३ फेब्रुवारी

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

खबरदार दादूला नको म्हणालात तर! भाषण मागितले कोणी? बाळ काय ठराव मांडणार आहे?

तुम्हाला सांगायचे नाही या बोलीवर आईने मला एक सांगितले होते. शेवटच्या रांगेत पोरांची रडारड, शेंगदाणेवाल्यांचा गलका. तुमचे अर्धे शब्द तिला कळतच नसत. तरी ती पदर सोडायची. मी विचारले, का ग? तर म्हणाली, नाही सोडला तर हे घसा फोडून घेतील आणि गुळण्यांचे पाणी मलाच तापवावे लागेल.

अण्णा, तुमचा आवाज पोचला म्हणून नव्हे, तो जपावा म्हणून ती मूठ उघडत होती. मी इथे गाऊनमध्येच वावरते, पण आज आईची जांभळी साडी काढली, पदर मुठीत धरला आणि सोडला. आता बोला.

रागावला असाल तर तेही कळवावे. लोभ मात्र कमी करू नये.

आपली,
अरुंधती

पनवेल, २५ फेब्रुवारी

चि. सौ. अरुंधतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावलो. दोन दिवस जेवण गोड लागले नाही. सगळी हयात जिच्यासाठी ओरडलो, तिला ऐकूच येत नव्हते! मग एकटाच हसलो. इतका, की खोकला थांबेना.

काल दादूला बोलावले. उभा राहिलो नाही. भिंतीकडची कुमुदची खुर्ची ओढून माझ्या गुडघ्यांना टेकवली आणि कॅमेरा तिच्यावर ठेवायला लावला. बोललो. काय ते बाळालाच कळू दे. दादूला माइक माझ्या झब्ब्याला लावावा लागला. मालू दारात ताटकळत होती. जाताना कुरकुरली की आण्णा, आज कायपन ऐकू नाय आला. एवढी शाबासकी मला कुठल्या सभेत मिळाली नव्हती.

कॅसेट मस्कतला निघालेल्या दिनानाथबरोबर पाठवतो आहे. सोमवारी ऑपरेशन. दादू दिवे, कॅमेरा सगळे घेऊन गेला. खुर्ची मी परत भिंतीकडे नेलेली नाही. सोमवारपर्यंतच्या संध्याकाळी माझ्या आहेत, आणि तिच्याशी जवळून बोलायचे सगळेच राहिले आहे.

यापुढे लोभ कागदावरूनच मागेन, देत जा.

अण्णा