आईच्या स्वयंपाकघरातलं तुमचं कपाट

अण्णा, काल माझ्या स्वयंपाकघरात कोठीचं कपाट करायला सुतार आला होता. मापं घेऊन झाली, खण किती, फळ्या किती ते ठरलं, आणि जाता जाता त्याने सहज विचारलं, "बाई, याला कुलूप बसवायचं का?" मी त्याच्यावर अशी काही खेकसले की बिचारा मागेच सरकला. त्याची काय चूक? मग त्याला बसवून चहा दिला आणि डोकं दुखतंय असं खोटंच सांगितलं. तो गेल्यावर माझ्या नाकात तो जुना वास शिरला, खवट शेंगदाण्यांचा, पाघळलेल्या गुळाचा आणि तुमच्या घामाचा. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, इथे सांगलीला विश्रामबागेत माझा सगळा संसार झाला, नोकरी संपली, तरी तो वास काही जात नाही. आज तो कागदावर उतरवून बघते.

कराडची आपली दोन खोल्यांची जागा तुम्हाला आठवत असेल. पुढची खोली तुमची. मागची स्वयंपाकाची, आणि ती एवढीशी की आई चुलीपुढे बसलेली असताना कुणाला मोरीकडे जायचं झालं तर तिला गुडघे पोटाशी घ्यावे लागत. तुम्ही पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलात आणि साखर कारखान्याच्या गोदामावर लागलात. घरात सामान ठेवायला मात्र जागा नव्हती. डब्यावर डबे, भिंतीला पोती, लोणच्याची बरणी खाटेखाली, आणि उंदरांची चंगळ. कोठीचं एक कपाट करून द्या, असं आई किती वर्षं म्हणत होती. ते कसं पाहिजे हे तिच्या मनात पक्कं होतं. एकदा तिने मला कोळशाने जमिनीवर काढूनच दाखवलं, हा पिठाचा खण, ही दुधासाठी जाळीची दारं, खाली कांदे-बटाटे. उंची तिच्या बसल्या हाताएवढी. उंचावर तिला काही नकोच होतं, कारण कोयनेच्या भूकंपात पाटणकडे तिच्या माहेरी फळीवरची भांडी निजलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली होती. दाखवून झाल्यावर तिने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि लाजल्यासारखी हसली.

मग दुष्काळाच्या आदल्या वर्षी तुम्ही एकाएकी सुतार घेऊन आलात. आई हरखली. पदर खोचून पुढे झाली आणि म्हणाली, "आवं, मला बसल्या जागंवरनं हात पोचंल आसं करा. लय उंच नगं." तुम्ही सुताराकडे बघून हसलात. "बायकास्नी काय इचारायचं त्यातलं? इष्टोर कसं असतंय ते मी पलटणीत जल्मभर बघितलंय." आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिलात, हात वर ताणलात. "हितपातूर घे." सुताराने तुमच्या बोटांच्या वर पेन्सिलीने रेघ ओढली. आईचा हात तिथे पोचणार नाही, हे त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं, तुम्हालाही. कपाट झालं ते नाकापेक्षा मोती जड. निम्मी खोली गिळून बसलं. जाळी नाही, जाडजूड दारं, लोखंडी कडी-कोयंडा आणि वर पितळी कुलूप. "कुलूप कशापायी?" आईने विचारलं. "घरात चोर हाय व्हय?" "घर म्हंजी युनिट हाय," तुम्ही म्हणालात, "सामान एकाच्याच ताब्यात पायजे. रोज सकाळी इश्यू हुईल." असं म्हणून किल्ली तुम्ही करदोट्याला बांधलीत.

मग ती तुमची सकाळ. आई परात पुढे धरून उभी आहे. तुम्ही खाटेवरून उठून तसेच येता, बंडी वर करता, पोटावरून करदोटा ओढता. किल्ली सोडायचा कंटाळा, म्हणून पोटच कपाटाला टेकवून कुलूप उघडता. घामाने चिकट झालेली ती किल्ली आत फिरते, तुम्ही बेंबीपाशी खाजवता आणि त्याच हाताने पिठाच्या डब्यात मूठ घालता. एक मूठ, दुसरी मूठ, आणि तिसऱ्या मुठीतलं थोडं परत डब्यात. आई परातीकडे बघत असते, तुमच्याकडे नाही. मी शाळेच्या कपड्यांत दारात उभी असते आणि तोंड फिरवते. त्या पिठाची भाकरी मला खायची आहे म्हणून फिरवते असं तेव्हा वाटायचं. आत तुपाचा सट होता, तो तुम्ही पाहुण्यांसाठी राखायचा आणि पाहुण्यांनाही द्यायचा नाही. तूप कडू झालं, शेंगदाणे खवट झाले, गूळ पाघळून फळीवरून ओघळला आणि त्याला मुंग्या चिकटून मेल्या. मग ते तुम्ही बाहेर काढलंत आणि म्हणालात, "टाकायचं न्हाई. संपवा." आम्ही संपवलं. तुमच्यापुढे ताज्या शेंगांची चटणी होती.

मामा आला तो दिवस तर माझ्या अंगावर अजून काटा आणतो. तुम्ही कारखान्याच्या कामाने साताऱ्याला गेला होता, किल्ली अर्थात कमरेला. मामा पाटणहून एस.टी.ने आला, दमलेला, बहिणीला बघून खुललेला. आईने आधण ठेवलं आणि मग तिच्या लक्षात आलं की सकाळची साखर संपली आहे. ती फडक्याखाली वाटी लपवून मागच्या दाराने शेजारी गेली. शेजारच्या काकी मोठ्या तोंडाच्या. त्यांचा आवाज भिंतीतून आला, "आगं, साखर कारखान्याच्या माणसाच्या घरात साखर न्हाई व्हय?" मामाने ऐकलं. आई वाटी घेऊन आली तेव्हा तो तिची चेष्टा करायला म्हणून म्हणाला, "घरात न्हाई दाणा आन् मला हवालदार म्हणा! आसं झालंय व्हय दाजींचं?" आणि मग त्याला ते कुलूप दिसलं. तो हसायचा थांबला. उठून कपाटापाशी गेला, कुलूप हातात धरून बघितलं. "तायडे, मोडू का ह्ये?" आई म्हणाली, "नगं रं. मीच सांगितलंय कुलूप घालाया. उंदरं लय झाल्यात." उंदरांना कुलूप! मामाने चहा अर्धा ठेवला आणि मिळेल त्या गाडीने परत गेला. पुन्हा तो मुक्कामाला कधी आला नाही.

तुम्ही आल्यावर मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यापुढे तोंड उघडलं, म्हटलं, अण्णा, किल्ली आईजवळ द्या, स्वयंपाक ती करते. तुम्ही ओरडला नाहीत की हात उगारला नाही. तुम्ही कधीच उगारला नाही, हीच तर तुमची ख्याती. शांतपणे म्हणालात, "तुझ्या आयला इचार, तिला काय तरास हाय का?" आणि आई चूल फुंकत म्हणाली, "मला कसला तरास? तू गप बस गं." तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, खटला जिंकल्यासारखी. मला त्या क्षणी तुमच्या ताटात थुंकावंसं वाटलं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मला सांगलीत नोकरी लागून थोडे महिने झाले होते. लोक आले, म्हणाले, देवमाणूस, दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर कधी हात नाही. मीही मान डोलवली. आंघोळ घालताना करदोटा तोडला आणि भावकीतल्या एकाने किल्ली आणून आईच्या ओंजळीत टाकली. सुतकात जेवण शेजारून येत होतं, कपाट बंदच होतं. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी ते उघडलं. एकेक डबा खाली काढला, पुसला, आणि आईला बसून हात पुरेल असा भिंतीकडेने मांडला. पीठ, डाळ, गूळ, मीठ, सगळं. कोळशाने काढलं होतं तसंच. कुलूप कचऱ्यात टाकलं आणि दळण आणायला गिरणीत गेले. जाताना मी चक्क गाणं गुणगुणत होते, सुतक नुकतंच फिटलेल्या घरातून.

परत आले तर जमीन रिकामी. आईने स्टुलावर चढून सगळे डबे होते तिथे वर लावले होते, कुलूप धुऊन परत घातलं होतं. म्हणजे तिचा हात पोचत होता, अण्णा. स्टूल तर घरात पहिल्यापासून होतं. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाली, "तुज्याजवळ ठेव. आता तू मिळवतीस न्हवं?" आणि परात पुढे धरून उभी राहिली. परातीकडे बघत, माझ्याकडे नाही.

मी दिलं. काय करणार, दोघींना भूक लागली होती. हे पत्र कुणाला वाचायला द्यायचं नाही, सुताराचं काम झालं की मापाच्या कागदांबरोबर बंबात जाईल, म्हणून लिहून टाकते. तुमची किळस मला जन्मभर आली आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण तिथे, हातात पीठ घेऊन, मला आईची किळस आली. पुढे ती माझ्याकडेच राहिली, शेवटच्या आजारपणात मी तिला हाताने भरवलं, आणि तेव्हाही थोडी येतच होती.