एक भोक वाऱ्याला

आबा, काल तुमच्या नातवाच्या नव्या गाडीत बसून पुण्याला गेले. गाडी जीपसारखीच उंच, पण आत थाट दिवाणखान्याचा. हडपसरच्या सिग्नलला थांबलो आणि इंजिन बंद पडलं. मी पदर सावरला, पर्स उचलली आणि दाराला हात घातला. "आत्या, कुठं निघालीस?" त्यानं विचारलं. म्हटलं, गाडी बंद पडली, आता सावली शोधायला नको का? तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. म्हणाला, ती बंद पडत नाही, आपली आपण बंद होते, पेट्रोल वाचवायला. सिग्नल सुटला की आपली आपण सुरू होते. आणि झालीही. ही सोय त्यानं खास मागून घेतली आहे म्हणे. मी त्याला सांगितलं, तुझ्या आजोबांची जीप हे मागितल्याशिवाय करायची, आणि सिग्नलची वाट बघत बसायची नाही. त्यावर तो पुन्हा हसला, मग फोनवर बोलायला लागला, आणि पुढे सगळा वेळ फोनवरच होता. मी गार हवेत खिडकीबाहेर बघत बसले. इतका राग मला बऱ्याच दिवसांत आला नव्हता. कुणावर, ते मात्र कळेना. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले आहे.

ती जीप तुम्ही सरकारी लिलावातून आणलीत तेव्हा आई उंबऱ्यातूनच म्हणाली होती, "सरकारनं टाकलेलं आपुन कशाला उचलायचं?" तुम्ही जीपवरून हात फिरवत राहिलात, मेंढीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, एकटी राहत होते. शनिवारी दुपारी तुम्ही मला कळंबला घरी न्यायला यायचात. एसटी होती, मला एसटीत चढता येत होतं, मी तसं सांगितलंही होतं. तरी तुम्ही यायचात. त्या जीपची टाकी तुमच्या सीटखाली, तिचं झाकण ढिलं. सगळ्या वाटेनं पेट्रोलचा वास. मी नाकाला रुमाल लावून बसायची आणि एकदा माझ्या शाळेच्या बोर्डिंगातल्या सिस्टरांच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "आबा, ही गाडी आहे की रॉकेलचं दुकान?" पुढच्या शनिवारी वास नव्हता. तुम्ही ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून झाकणाच्या आत बसवली होती आणि झाकण असं आवळलं होतं की मुंगी आत जाऊ नये. "आता बघ," म्हणालात. मी रुमाल पर्समध्ये ठेवला. बरं झालं, एवढंसुद्धा म्हणाले नाही.

आणि त्याच शनिवारपासून जीप बंद पडायला लागली. पिंपळी गाव मागे पडलं की आधी एक खोकला, मग एक गचका, मग दोन-तीन आचके, आणि सगळं शांत. तुम्ही गाडी उताराच्या जोरावर कडेला घेता. स्टार्टर मारता, तो नुसता घरघरतो. मग बॉनेट उघडता, कालव्यात फडकं भिजवून आणता आणि पेट्रोलच्या पंपावर पोटीस घातल्यासारखं ठेवता. मी म्हणते, एकदा नीट दुरुस्त का करून घेत नाही? तुम्ही म्हणता, "बसू दे तिला घटकाभर. दमलेल्या मेंढीला कोण मारतंय का?" आणि घटकाभरानं ती खरंच सुरू होते, काही झालंच नव्हतं अशा थाटात. मग सणसरच्या पुढे पुन्हा बसते. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून धुतला. मिस्त्री म्हणायचा, आता बघायला नको, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बघायला लागायचं. उसाच्या गाड्या शेजारून जायच्या. एकदा एका गाडीवानानं बैल थांबवले आणि विचारलं, "आबा, सोडू का बैल? जुपा म्होरं." तुम्ही शांतपणे म्हणालात, "सोड की. पर लायसन हाय का त्यास्नी?" तो हसत गेला. मला हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. मला सगळ्या रस्त्यासमोर धुळीत बसावं लागतंय याचा संताप मला हसण्याहून जास्त शोभतो, असं मला तेव्हा वाटायचं.

खरं तर चालत्या जीपमध्ये आपल्याला बरं होतं. इंजिनाचा आवाज एवढा, की बोलायची सक्ती नाही. सातव्या वर्षी तुम्ही मला पुण्याच्या बोर्डिंगात घातलंत. सुटीत मी यायची ती पांढरे मोजे घालून, काटाचमच्याचं ज्ञान घेऊन, आणि तुम्ही विचारायचात, जेवलीस का? मी म्हणायची, हो. एवढ्या दोन वाक्यांवर आपण बापलेकींनी कितीतरी वर्षं काढली. जीप बंद पडली आणि ती सोय गेली. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसून माणूस किती वेळ गप्प राहणार? आधी मी फक्त तक्रारी केल्या. मग तुम्ही सांगायला लागलात, तुमच्या लहानपणी कळप घेऊन घाट उतरायचे ते, पावसात भिजलेल्या लोकरीचा वास, तुमच्या आजोबांची शिट्टी ओळखणारा कुत्रा. ऊस आला, पाणी आलं, मेंढरं गेली, आणि तुम्ही हे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. कारण कुणी विचारलंच नव्हतं. मग मी विचारायला लागले.

आणि एकदा, सणसरच्या पुढे, मी ते विचारलं. "मला घरातून का काढलंत?" असंच म्हणाले, काढलंत. बोर्डिंगाच्या फाटकातून जाताना तुम्ही मागे वळून पाहिलं नव्हतं, ते मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. तुम्ही बराच वेळ त्या फडक्याचं पाणी पिळत राहिलात. सगळं पिळून झालं तरी पिळत होतात. "तुझी आत्या भातुकली टाकून मांडवात गेली," तुम्ही म्हणालात. "माझ्या डोळ्यांदेखत. तू हितं ऱ्हायली असतीस तर भावकीनं तुलाबी तशीच उजवली असती. आन त्यांच्याम्होरं माझं काय चालत न्हवतं." मी म्हणाले, म्हणून टाकून दिलंत. तेव्हा तुम्ही वळलात. "टाकून? मेंढरं चराया न्हेताना कोकरं मागं वाघरात ठिवत्यात, ठावं न्हाय व्हय तुला? चौबाजूंनी जाळी आसती, लांडग्यासाठनं. कोकरू वरडतंय. वरडू द्यावं लागतंय. सांजंला सोडलं की कळपातनं बराबर आपली आय हुडकतंय." मग म्हणालात, "मी तुला वाघरात ठिवली व्हती. इकली न्हवती."

मी कालव्याकडे बघत विचारलं, "मग सांज कधी व्हायची होती, आबा?" तुम्ही बॉनेटखाली डोकं घातलंत आणि तिथूनच म्हणालात, "हुतीया की. दर शनवारी."

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. घरी आईनं तेलाचा नवा डबा फोडायला घेतला होता. तिनं कोपऱ्यात खिळा ठोकून एक भोक पाडलं, डबा कलता केला. तेल दोन थेंब आलं आणि थांबलं. "काय बघतीयास?" ती मला म्हणाली. "एवढी शिकलीस, आन ठावं न्हाय? एक भोक तेलाला, एक वाऱ्याला. वारा आत गेल्याबिगार तेल भाईर येत न्हाय." समोरच्या कोपऱ्यात तिनं दुसरा खिळा ठोकला आणि तेलाची धार सुरू झाली. मी तिथंच उभी राहिले. मला पेट्रोलपंप आठवला. तिथला माणूस जीपचं झाकण काढायचा तेव्हा दर वेळी फस्स असा आवाज यायचा, कुणीतरी खूप वेळ कोंडलेला श्वास घ्यावा तसा.

तुम्ही गेल्यावर जीप विकायची ठरली, तेव्हा मीच ती बारामतीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. वाटेत ती दोनदा बसली. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, आबांस्नी म्या कवाच सांगितलं व्हतं. रबर काढा, न्हायतर झाकणाला भोक पाडा, जल्मात बंद पडायची न्हाय. तर म्हणले, नगं, पोरीला वास सोसत न्हाय." मी त्याच्या दुकानात उभी राहून तुमच्यावर इतकी चिडले की तो बिचारा घाबरला. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही बॉनेट उघडून आत डोकावत होतात, कालव्यावरून फडकी भिजवून आणत होतात, स्टार्टर मारत होतात, आणि मी उन्हात पुस्तकानं वारा घेत होते. साधं झाकण सैल केलं असतं तर पुढच्या क्षणी निघालो असतो. आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस, आणि दर शनिवारी माझ्यासमोर नाटक. वासासाठी, म्हणे. तुम्ही मिस्त्रीला सांगितलंत ते खरंही असेल. पण माझा त्यावर विश्वास नाही, आबा, आणि का नाही ते सांगते.

तेलाच्या डब्यानंतरचाच एक शनिवार. वाटेतल्या पंपावर पेट्रोल भरलं, तुम्ही पलीकडे कुणा ओळखीच्या माणसाशी उसाच्या तोडीचं बोलायला गेलात. पंपावरच्या माणसानं झाकण नुसतं वर ठेवलं होतं, फिरवलं नव्हतं. मला दिसलं. तसंच राहिलं असतं तर आपण त्या दिवशी कुठेही न थांबता थेट कळंबला पोचलो असतो, उजेडात, आईचा पहिला चहा गरम असताना.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमचा नातू वाचेल आणि पुन्हा हसेल. मी आता तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाहून मोठी आहे, आणि अजूनही माझ्या समोर कुणी चुकीचं वाक्य बोललं तर मला गप्प बसवत नाही. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले. तुमची पाठ माझ्याकडे होती. मी खाली उतरले, दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. वासासाठी नाही.