सेहेचाळीसवर कोण आणतं?

३ ऑगस्ट, मंगळवार

सेहेचाळीस! गल्लीच्या जनरेटरची वीज दुपारी तीन वाजता सेहेचाळीस हर्ट्झवर! शेजारच्या सुहामनं कारखान्यात फोन केला तेव्हा मागे तिच्या आईचं, बद्रिया खालाचं, ऑक्सिजनचं मशीन पीं पीं करत होतं. "उस्ताद, आईचे ओठ निळे पडलेत. सरकारी लाईट गेली की रोज दुपारी हेच. काल सिलिंडर होतं म्हणून निभावलं." मशीनच्या आतला पंप पन्नासच्या हिशेबानं बनवलेला. वीज मंद झाली की तोही मंद, मग म्हातारीनं श्वास कुठून घ्यायचा?

आणि इंजिनाचा वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर कोणी लावलाय? मी! माझ्याच घराच्या मागच्या भिंतीला टेकून ते इंजिन उभं आहे. गल्ली नाव कोणाचं घेणार?

४ ऑगस्ट

सकाळी कारखान्यात जाण्याआधी इंजिन तापू दिलं, निम्मा भार टाकला आणि गव्हर्नरचा डबा उघडला. वेगाचा स्क्रू हळूहळू उजवीकडे. मिनिटाला पंधराशे फेरे, मीटरवर पन्नास. मग दुसरा स्क्रू, इंजिनाच्या चपळाईचा. वाढवत वाढवत नेला तसं इंजिन झुलायला लागलं, घूं-ऊं, घूं-ऊं. तिथून दोन खुणा मागे घेतला. सगळा भार एकदम तोडला, परत टाकला. क्षणभर दचकलं आणि ताळ्यावर आलं. माझे उस्ताद म्हणायचे, इंजिनाला पळवणं सोपं, एका चालीवर ठेवणं हे काम.

बायकोकडून, रबाबकडून, नखांचा लाल रंग मागून आणला आणि स्क्रूंच्या डोक्यावर एकेक थेंब सोडला. मोसुलमधला कुठलाही गव्हर्नरवाला हेच करतो. रंग तडकला की समजायचं, कोणीतरी हात लावला.

"कशाला हवंय?" रबाबनं विचारलं. सांगितलं, डब्याला कोण हात लावतं ते कळावं म्हणून. तिनं बाटली काढून दिली.

५ ऑगस्ट

तडकला!! दोन दिवसही नाहीत! सुहामच्या घरच्या मीटरवर दुपारी सत्तेचाळीस.

हाजी गानिम, जनरेटरचा मालक, दुकानात पंख्याखाली बसून कलिंगड खात होता. मी तोंडावर बोललो, "हाजी, डिझेल वाचवायला म्हातारीचा जीव घेता?"

"कुराणाची शपथ, मी त्या डब्याला बोट लावलेलं नाही. मला त्यातलं काय कळतं? मला कळलं असतं तर तुझी मिजास कशाला सहन केली असती?"

चोराच्या उलट्या बोंबा! पण येताना वाटलं, हे मात्र खरं आहे. त्याला बल्बही बदलता येत नाही.

७ ऑगस्ट, शनिवार

मग उरला कोण? दन्नून, हाजीचा ऑपरेटर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत इंजिनापाशी तोच असतो. गव्हर्नर कसा लावतात हे त्याला मीच शिकवलं, माझ्याच पेचकसानं! आज परत सेहेचाळीस. खाला दोन तास सिलिंडरवर. सुहाम रडत होती.

८ ऑगस्ट

विचारलं त्याला. सरळ कबूल!

"हो उस्ताद, मीच. दोनला खाली आणतो, पाचला परत चढवतो."

"का?"

तो चिंधीनं हात पुसत राहिला.

"हाजी सांगतो?"

"नाही."

"मग डिझेल विकतोस?"

त्यावर मात्र त्याचं तोंड लाल झालं. "खालाच्या मशीनचं मला ठाऊक नव्हतं. आईशप्पथ नव्हतं. आजपासून हात लावणार नाही. पण कारण विचारू नका. तुमच्या घरचं मीठ खाल्लंय, म्हणून गप्प आहे."

माझ्या घरचं मीठ! माझं मीठ खाऊन माझ्याच नावाला काळं फासलं आणि वर उपकाराची भाषा! मी हाजीला सांगितलं, एक तर हा राहील नाहीतर मी. हाजीनं दुपारच्या आत त्याला काढला. जाताना त्यानं मला सलाम केला. मी घेतला नाही.

९ ऑगस्ट

नवा माणूस ठेवला. नदीच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा, अदीब. त्याला बजावलं, डब्याला हात लावलास तर हात तोडीन. पन्नास. खालाचं मशीन दिवसभर नीट. सुहामनं खिमा भरलेला कुब्बा करून पाठवला.

रबाब जेवली नाही. म्हणे भूक नाही. मी एवढी लढाई जिंकून आलो, तर घरात कोणाला कौतुक नाही!

१० ऑगस्ट

पन्नास. रबाब म्हणाली, "दन्नूनला तीन लेकरं आहेत." मी म्हणालो, बद्रिया खालालाही आहेत. तिनं ताट उचललं आणि आत गेली.

११ ऑगस्ट

अदीबवर नजर टाकावी म्हणून आज कारखाना अडीचलाच सोडला. कित्येक वर्षांत दुपारी घराकडे आलो नव्हतो. पन्नास, सुईच्या टोकावर. छाती फुगवून घरात शिरलो.

मागच्या खोलीच्या खिडक्या थडथडत होत्या. नुसती काच नाही, चौकट, कपाट, कपाटातले पेले, सगळं. रबाब कुठेच नाही. हाका मारल्या. शेवटी तळघरात सापडली. ऑगस्टच्या उकाड्यात, भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही कान गच्च दाबून.

"इथे काय करतेस?"

मला पाहिलंही नाही. पाच वाजता सरकारी लाईट आली, इंजिन थांबलं, तेव्हा वर आली आणि चहा ठेवला. मला कळेना, चिडावं की घाबरावं.

१२ ऑगस्ट

सकाळी बोलली. "दन्नूनला मीच सांगितलं होतं. इंजिन पुऱ्या वेगात आलं की काचा अगदी तशाच वाजतात. थोडं मंद झालं की थांबतात. तुम्हाला सांगू नको म्हणून त्याला शपथ घातली. खालाचं कळल्यावर मीच मनाशी म्हटलं, राहू दे आता. लढाईत, बॉम्ब पडत होते तेव्हा, चाळीस दिवस त्या तळघरात मी एकटी होते. तुम्ही शहराबाहेर, एर्बिलला होतात."

कामावर गेलो नाही. सगळ्या काचा काढल्या, गोधड्या ठोकल्या. मग दन्नूनकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा जुळवलं होतं.

त्यानं दार उघडलं. म्हणाला, "उस्ताद, वहिनी कशा आहेत?"