कॅपा नदीकाठीच आहे

ती. साइमीवन्सं यांस,

ताइमीचा नमस्कार. आपल्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. सौनात वरच्या बाकावर चढू नका, खालच्यावरही शेक बसतो. इकडे सर्व ठीक. बटाटे काढून झाले, रानात बेरी भरपूर आहे, आणि हे गेल्यापासून घरात कॉफी उरते एवढाच फरक. (किटलीत अजून दोघांचंच पाणी पडतं. हाताची सवय.)

लिहिण्याचं कारण म्हणजे नदीकाठचं वाळुंज. आपले बंधू गळ टाकून ज्याच्याखाली बसायचे आणि रिकाम्या हाताने घरी यायचे, तेच. झाड वाळून बरीच वर्षं झाली. त्याच्या खोडाला फळीसारखी बाहेर आलेली बुरशी आहे, एक कॅपा. बर्चवर दिसतात तसल्या कडक कॅप्यांपैकी असता तर मी काही बोलले नसते, पण हे म्हणायचे की हा वासाचा आहे, बडीशेपेसारखा. यांच्या पुस्तकात असं आहे की वासाचे कॅपे दोन. एक नेहमीचा, वाळला की त्याचा वास जातो. दुसरा फार विरळा, तो वाळून कोळ झाला तरी घमघमत राहतो. आता माझ्या नाकाचं आपल्याला ठाऊकच आहे. (लहानपणच्या तापानंतर ते फक्त चष्मा ठेवायच्या कामाचं उरलंय.) त्यामुळे आपला कॅपा यातला कुठला, हे मला कळायला मार्ग नाही.

कळायला तर हवं, कारण झाड बरोबर हद्दीवर आहे आणि शेजारच्या रेइनोला ते शनिवारी सरपणासाठी पाडायचंय. तो कॉफीला आला आणि म्हणाला, "वहिनी, ओइवा गेला, झाडही गेलंय. मेलेलं उभं कशाला ठेवायचं?" तुम्हीही ऐंशीला टेकलात आणि उभेच आहात की, असं माझ्या मनात आलं. कप मात्र अर्धाच भरला. जाताना एवढं कबूल करून गेला की कॅपा विरळा आहे असं एखाद्या जाणत्याने सांगितलं, तर करवत लावणार नाही.

म्हणून मी नगरपालिकेच्या कचेरीत फोन लावला. फोनवर मला सुचत नाही, म्हणून थोडक्यात सांगितलं की नदीकाठी आमचा एक जुना कॅपा आहे, शनिवारच्या आत कुणीतरी येऊन बघून जा. (आपल्याकडे हट्टी म्हाताऱ्यालाही कॅपाच म्हणतात हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. जन्मभर यांना मी दुसरं काय म्हणत होते?) पलीकडची मुलगी फार मायेने बोलली. एकटेच असतात का, तिने विचारलं. मी म्हणाले, हो, आसपास दुसरा नाही. उठून हिंडतात का? नाही, चिकटून असतो. अंगाला वास वगैरे?

"तेच तर पाहायचंय," मी म्हणाले. "मला येत नाही."

"आणि रात्री कुठे असतात, आजी?"

"तिथेच. वीसेक वर्षं झाली."

यावर तिने माझा पत्ता दोनदा विचारून लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांची घरी येऊन देखभाल करणाऱ्या दोन नर्स आल्या, चाकाची खुर्ची आणि घोंगडी घेऊन. खुर्ची ओल्या गवतातून तिघींनी मिळून ढकलली. मी त्यांना कॅपा दाखवला. थोरलीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "घोंगडी आणलीच आहे, तर बसू या." मी थर्मास आणि वेलदोड्याचा पाव नेला होता. खाऊन झाल्यावर दोघींनी कॅपा हुंगला. थोरली म्हणाली, नाताळच्या पावासारखा वास आहे. धाकटी म्हणाली, दवाखान्यात हात धुतो त्या साबणासारखा. म्हणजे एकाला एक मत झालं. शिवाय ओल्या कॅप्यावरून निकाल लागत नाहीच, वाळलेला तुकडा लागतो.

तुकडा आहे. गेल्या शरदात यांनी तो तोडून खिशात टाकला होता, वाळू दे म्हणून. तो तपकिरी कोट अजून ओसरीत खुंटीवर आहे. थोरली म्हणाली, आणा, मी हुंगून सांगते. मी सांगितलं, कोट धुवायला टाकलाय. (टाकलेला नाही.)

तेव्हा वन्सं, शनिवारच्या आधी आपण यावं. आपलं नाक यांच्याच घराण्याचं आहे. मी बसथांब्यावर येईन. अंथरूण खालच्या खोलीत घातलंय, जिना नाही.

आपली,
ताइमी

ता. क. पाकीट बंद करत होते तोच रेइनो आला. टोपी हातात होती. दोघी नर्स खुर्ची घेऊन नदीकडे जाताना त्याने खिडकीतून पाहिल्या होत्या. म्हणाला, "झाड राहू दे, वहिनी, मला नको. पण त्या बायकांना माझं घर दाखवू नका." त्याला पूर्ण कप दिला.

आणखी एक. म्हणजे कॅप्याची घाई आता राहिली नाही. तरी या. खिसा हुंगाल तेव्हा त्या कोटाची कॉलरही हुंगा. चर्चमधल्या बायका म्हणतात, माणसाचा वास तिथे बरेच दिवस राहतो. मला काही त्यांच्यासारखं हुंगून बघता येत नाही. बडीशेपेचं काय निघेल ते आपण रेइनोलाही सांगू. कॉलरचं मला एकटीला सांगा, आणि नसेल राहिला तर कॉफी झाल्यावर सांगा.