पाहुण्याचे दोन गुण

रविवार, १० तारीख

तीर्थस्वरूप आत्यास,

नमस्कार, आणि नमस्काराच्याही आधी एक दुरुस्ती. (नमस्कार आधी लिहिला गेला ही दुसरी चूक, पण पान चांगलं आहे, फाडवत नाही.) मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मोसमाच्या शेवटच्या सामन्यात दादाने अगदी शेवटच्या मिनिटाला बास्केट केली. बास्केट झाली हे खरं. शेवटचं मिनिट होतं हेही खरं. ती दादाने केली नाही. तू ते पत्र शेजारपाजारी वाचून दाखवलंस आणि दादाला छातीवर सात आकडा विणलेला स्वेटर पाठवलास, म्हणून हे आधी सांगणं भाग आहे. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? माझी प्रकृती ठीक आहे. झोप, भूक आणि उजवा अंगठा एवढं सोडून. (अंगठ्याचं नख मी खाल्लं.)

तू काकांच्या क्लबात येऊन चार वर्षं झाली, तेव्हा सध्याची व्यवस्था सांगते. काका मालक आहेतच. प्रशिक्षक त्यांचे साडू. माइकवर बोलतो तो काकूचा भाऊ. खेळाडूंचे पाय चोळायला काकूची मावसबहीण, जिला पाय पाहिले की शिसारी येते. कर्णधार दादा, कारण तो काकांचा मुलगा. आणि टेबलाशी गुण लिहायला मी, कारण काका म्हणाले, "घरचं माणूस बरं, विश्वासाचं." (मला तेव्हा हे कौतुक वाटलं होतं.) संघात एकच खेळाडू असा आहे जो आपल्यापैकी कुणाचाच कुणी लागत नाही. त्याला सगळे पाहुणा म्हणतात. पाहुण्याला खरं तर आधी वाढायचं असतं. आमच्याकडे त्याला शेवटी उतरवतात, तेही दादाला धाप लागली तर. दादाला धाप लवकर लागते, म्हणून बिचाऱ्याला खेळायला मिळतं.

प्रेक्षकांचं म्हणशील, तर खुर्च्या चार हजार आणि त्या शनिवारी माणसं त्रेसष्ट, त्यातली साठ नात्यातली. कॅमेऱ्यात एकच बाजू दिसते म्हणून काकू सगळ्यांना त्या बाजूला बसवते, आणि मध्यंतरानंतर जाकिटांची अदलाबदल करून जागा बदलायला लावते, म्हणजे माणसं वेगळी वाटतात. (धाकट्या मावशींना तिसऱ्यांदा दुसऱ्याचं जाकीट आलं तेव्हा त्या घरी निघून गेल्या. मग एकोणसाठ.) काकांच्या मते खुर्च्या कडक आहेत म्हणून लोक येत नाहीत, गाद्या बसवल्या की येतील. मला वाटतं, नातेवाईक ज्याच्या त्याच्या घरी पुरेसे असतात, ते बघायला तिकीट कोण काढील? उरलेल्या तिघांपैकी दोघे फोन चार्ज करायला आले होते. तिसरे एक म्हातारे घड्याळजी. ते सतरा वर्षं स्वतः तिकीट काढून एकाच खुर्चीवर बसतात, आणि काकूने कितीही विनवलं तरी कॅमेऱ्यासमोर येत नाहीत.

आता माझा गुन्हा. शेवटचं मिनिट चालू असताना काकू मागून येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "तुझं जाकीट दे गं, एक खुर्ची रिकामी दिसतेय." मी बाही काढायला वळले. तेवढ्यात जाळीचा आवाज झाला आणि सगळ्या नात्याने एका सुरात "दादा!" म्हणून गजर केला. मी वळून पाहिलं तर दादा हात हलवत होता. मी त्याच्या नावावर दोन गुण लिहिले. सामना संपल्यावर घड्याळजी टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, चेंडू सतरा नंबरने टाकला. तुमचा सात नंबर तेव्हा बुटाची नाडी बांधत होता. टाळ्या ऐकून उठला." मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "टाळ्या वाजल्या म्हणजे मीच टाकला असणार ना?" आत्या, तो खोटं बोलत नव्हता. जन्मापासून त्याचा हाच अनुभव आहे.

दोन गुणांचं काय एवढं, असं तुला वाटेल. दादा आणि पाहुणा एकाच जागेचे खेळाडू. पुढच्या मोसमात दोघांतला एकच ठेवायचा आणि ज्याचे गुण जास्त तो राहील, हा नियम काकांनीच सगळ्यांसमोर जाहीर केला होता. (निःपक्षपाती दिसावं म्हणून.) माझ्या कागदावर दादाचे एकशे एक, पाहुण्याचे शंभर. खरे म्हणजे दादाचे नव्याण्णव आणि पाहुण्याचे एकशे दोन. माझ्या एका बाहीपायी एका माणसाची नोकरी जाते आहे. घड्याळजी म्हणाले, "तो गेला तर मीही घरीच बसेन." म्हणजे क्लबचा एकुलता एक प्रेक्षकही मीच घालवणार.

मी काकांकडे गेले. ते गाद्यांचे नमुने दाबून पाहत होते. म्हणाले, "अगं, दोन गुण इकडचे तिकडे. घरातल्या घरातच आहेत ना?" मी म्हटलं, "काका, पाहुणा घरातला नाही." "मग तर प्रश्नच मिटला," काका म्हणाले, आणि मला निळ्या गादीवर बसायला लावून मऊ आहे का विचारलं. मी मऊ आहे म्हटलं. (ती मऊ नव्हती. हीही दुरुस्ती समज.)

मी शाळेत जायच्या आधी तू मला जेवणाच्या टेबलावर गणितं घालायचीस, तेव्हा खोडरबर देत नव्हतीस. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, चूक दिसली पाहिजे, आणि शेजारी बरोबर लिहायचं. नवल म्हणजे बास्केटबॉल महासंघाचाही हाच नियम आहे: गुणलेखकाने सहीनिशी दुरुस्ती आणून दिली तर ते सामन्याच्या पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत घेतात. अर्ज मी लिहून ठेवला आहे. आठ वेळा लिहिला, कारण सही दर वेळी घाबरलेली येते.

आतोबांना नमस्कार. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझी भाची

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं तूच म्हणतेस, तर भांडं पुढे करते. काकांच्या घरातली वरची खोली गुरुवारनंतर माझी राहील असं वाटत नाही. तुझ्या शिवणयंत्राच्या खोलीत काही दिवस राहिले तर चालेल का? यंत्र हलवू नकोस, मी त्याच्याभोवती झोपेन.

आणखी ता. क. आतोबांच्या शाळेत कारकुनाची जागा निघाल्याचं तू लिहिलं होतंस. मी रीतसर अर्ज करणार आहे. वशिला नको म्हणजे नकोच. तू आतोबांना एवढंच सांग की मुलाखतीत त्यांनी मला ओळख दाखवू नये. (सायकल त्यांनीच शिकवली, त्यामुळे त्यांना जड जाईल.) हे सांगणंही वशिल्यात मोडतं का, यावर मी दोन दिवस विचार करते आहे. तू ठरव आणि कळव.

शेवटचं ता. क. स्वेटर परत मागू नकोस, दादाला तो फार आवडलाय. मात्र लोकर उरली असेल तर सतरा आकड्याचा एक विणता येईल का बघ. महासंघ शुक्रवारपर्यंत दुरुस्ती घेतो, पण मी मला ओळखते. शेवटचा दिवस हाती ठेवला तर गुरुवारी रात्री मी काकांची सगळी बाजू स्वतःलाच पटवून देईन. म्हणून घड्याळजींना सांगून ठेवलंय. ते पावणेदहाला कार्यालयाच्या दाराशी उभे राहणार आहेत आणि त्यांना उशीर होत नाही. गुरुवार, चौदा तारीख, सकाळी दहा.